मालक आले की सही

गाडीखाली तेल दिसलं की ते कशाचं आहे हे सांगायला मेकॅनिक लागतो, असा माझा समज होता. आमच्या इमारतीत त्यासाठी एक खिडकी आणि दोन शेजारी पुरतात.

खिडकी शिवणवाल्या मावशींची. त्या तळमजल्यावर राहतात आणि त्यांचं मशीन पार्किंगकडे तोंड करून ठेवलेलं आहे. एका सकाळी सुईत दोरा ओवताना त्यांना आमच्या गाडीखाली लाल काहीतरी चमकताना दिसलं. दोरा तसाच बोटाला गुंडाळून त्या वर आल्या आणि दारातूनच आईला म्हणाल्या, "तुमच्या गाडीला रक्त येतंय."

आईने आवाज खाली आणून विचारलं, "फार आहे?"

आत कुणी आजारी माणूस झोपलं असावं अशा सुरात त्या दोघी बोलत होत्या. आत मी होते आणि मी आजारी नव्हते, एका पाठ्यपुस्तकाची प्रुफं तपासत होते. पुस्तक भूगोलाचं होतं आणि त्यात एक नदी चढावरून वाहत होती. तिला उताराला लावून मी खाली गेले.

गाडी बाबांची. पाय दुखतो म्हणून त्यांनी ती ऑटोमॅटिक घेतली होती. म्हणजे गिअर आपले आपण पडतात, माणसाने फक्त कुठे जायचं ते ठरवायचं. बाबा गेल्यापासून ती मी चालवत होते. चालवत होते म्हणजे सामान आणायला नेत होते. एरवी ती पार्किंगमध्ये डोळे मिटून उभी असायची.

मी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरून गाडीखाली सरकले. गाडीखालचं जग निराळंच असतं. तिथे गारवा होता, पावलांचे आवाज कुठून तरी लांबून आणल्यासारखे येत होते, आणि गाडीच्या पोटाला एक लाल थेंब सावकाश तयार होत होता. आधी ती नुसती ओल होती, मग त्याचा मणी झाला, मग फाटकाकडचा सगळा उजेड पोटात घेऊन तो तसाच लोंबकळत राहिला. पडावं की पडू नये याचा त्याचा निर्णय होत नव्हता. मलाही घाई नव्हती. कितीतरी दिवसांनी मी काहीही न वाचता काहीतरी पाहत होते. मग तो पडला, थेट माझ्या चष्म्यावर, आणि सगळं पार्किंग गुलाबी झालं.

त्या गुलाबी जगात दोन चकचकीत बूट येऊन उभे राहिले. ते सेक्रेटरींचे होते. आमचे सेक्रेटरी कशातून तरी निवृत्त झालेले आहेत, पण कशातून ते आता कुणाला आठवत नाही. बाबांचा आणि त्यांचा पार्किंगच्या पांढऱ्या रेघेवरून वाद होता. आमच्या गाडीचं मागचं चाक रेघेवर आहे की रेघेला लागून आहे, हा तो वाद. दोघं तो इतक्या शिस्तीने चालवायचे की एकजण परगावी गेला की दुसऱ्याला करमायचं नाही. सेक्रेटरी माझ्या पायांशी बोलले, कारण माझं तेवढंच बाहेर होतं. फरशी सामाईक आहे, तेल खाजगी आहे आणि खाजगी गोष्ट सामाईक गोष्टीवर सांडणं कुठल्याही नियमात बसत नाही, असं त्यांनी माझ्या पायांना समजावून सांगितलं. पाय गप्प राहिले. त्यांना तसं वळणच आहे.

संध्याकाळपर्यंत गळती सगळ्या मजल्यांवर पोचली. म्हणजे तेल खालीच होतं, बातमी वर गेली. मावशींचं म्हणणं पडलं की गाडीला माणूस कळतं आणि ही गाडी खंगली आहे. सेक्रेटरींनी पुठ्ठा ठेवायला सांगितलं आणि पुठ्ठा रेघेच्या आत ठेवायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी, आधी वरवर भरून पाहायचं आणि नाही थांबलं तर मुळापासून काढायचं, असा सल्ला दिला, आणि दिल्यानंतर बराच वेळ माझ्या जबड्याकडे पाहिलं. परदेशातून दादाचा फोन आला. त्याने एकच विचारलं, वॉरंटी आहे का.

वॉरंटी होती. तो ऋतू संपला की तीही संपणार होती. बारीक अक्षरात लिहिलं होतं की ती मूळ मालकापुरती मर्यादित आहे. मूळ मालक कुठे आहेत हे कंपनीला कळलं की वॉरंटीही त्यांच्या मागोमाग जाणार, असा मी त्याचा अर्थ लावला. वाचण्याचं काम मी पोटासाठी करते, त्यामुळे माझ्या अर्थाबद्दल मला शंका आली नाही. लाल तेल गिअरबॉक्सचं असतं, आणि वॉरंटी नसती तर नवा गिअरबॉक्स आमच्या ऐपतीबाहेरचा होता, आणि मग गाडी भंगारात घालण्यावाचून इलाज नव्हता.

ते होऊ द्यायचं नव्हतं. आईने तसं तोंडाने म्हटलं नव्हतं, पण बाबा त्या गाडीतच गेले होते. इथेच, पार्किंगमध्ये, गाडी बंद असताना. आई शेजारच्या सीटवर होती. एवढंच आम्हा भावंडांना माहीत होतं, आणि तेही सेक्रेटरींकडून, कारण दादाला आणि मला त्यांनीच कळवलं होतं. नंतर भेटायला आलेला प्रत्येकजण खुर्चीत पुढे सरकून 'कसं झालं हो?' असं विचारायचा आणि आई चहा टाकायला उठायची. माणसं चहा पिऊन जायची. मी कधी विचारलं नाही. मी चहा घेत नाही. मी विचारलं असतं तर तिला उठायला निमित्त उरलं नसतं.

गाडी दाखवायला न्यायच्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून तयार होऊन बसली होती. मी म्हटलं, तिथे तेलकट असतं सगळं. ती म्हणाली, ह्यांच्याबरोबर जायचे तेव्हा मी काय कळकट जायचे का?

सर्व्हिस सेंटर मला आवडलं हे मान्य करायला हवं. आत एक मोठी काच होती आणि काचेपलीकडे गाड्या पाय लोंबते सोडून नुसत्याच हवेत उचललेल्या होत्या, एकीशेजारी एक, निवांत. त्यांच्या पोटाखालून माणसं वर बघत फिरत होती, जशी लोकं मत्स्यालयात फिरतात. काचेमुळे आवाज येत नव्हता. एखादं चाक निघून शांतपणे बाजूला जायचं. बाबा दर वेळी या काचेशी खुर्ची ओढून बसायचे आणि गाडीचं काम संपलं तरी उठायचे नाहीत, असं आईने मला तेव्हा सांगितलं. मी तिथे उभी राहिले आणि मलाही दुसरीकडे जावंसं वाटेना.

आमच्या वाट्याला आलेल्या माणसाच्या छातीवर 'सेवा सल्लागार' अशी पट्टी होती. पस्तिशीचा असेल. आईला पाहून तो टेबलामागून उठून आला.

"या काकू. आज सर नाही आले?"

आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे हे काम माझं होतं. मी म्हणाले, "बाबा गेले."

"गेले का शेवटी?" त्याचा चेहरा उजळला. "दादांकडे ना? मागच्या वेळी म्हणत होते, एकदा जाऊन येतो म्हणून."

मी तोंड उघडलं. आई म्हणाली, "हो."

आता यात चूक कुणाची? 'गेले' हा सभ्य शब्द आहे. आपण तो इतक्या हळुवारपणे वापरतो की त्यात माणूस मेल्याचा मागमूस राहत नाही. ऐकणाऱ्याने आपल्या चेहऱ्यावरून तो भरून घ्यायचा असतो, आणि माझा चेहरा, असं माझ्या ओळखीचे सांगतात, काही भरून घेण्यासारखा नाही. सल्लागाराने संगणकात काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, काही अडचण नाही, मालक आले की सही घेऊ, तोवर काम सुरू करू. आणि त्याने गाडी आत घेतली. वॉरंटीचा विषय तिथेच संपला होता, म्हणून मीही गप्प बसले. हे माझं कारण. आईचं कारण मी परतताना रिक्षात विचारलं.

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तो हसत विचारत होता गं. ह्यांच्याबद्दल आता हसत कोण विचारतं?"

पहिल्या खेपेला त्यांनी एक सील बदललं. सील म्हणजे रबराची चकती. तेलाने आत राहावं म्हणून ती असते आणि तेल बाहेर आलं की सगळा दोष तिच्यावर येतो. गाडी घरी आली, पुठ्ठा कोरडा राहिला, सेक्रेटरींनी वाकून तो पाहिला आणि निराश होऊन वर गेले. चौथ्या की पाचव्या सकाळी मावशी पुन्हा बोटाला दोरा गुंडाळून दारात.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तेलात चमकणारा रंग घातला. तो रंग घालून गाडी फिरवायची, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन निळा दिवा धरायचा, म्हणजे जिथून गळतं तिथे उजळतं. सल्लागाराने आम्हाला दोघींना आत बोलावलं. दिवे घालवले. गाडीचं पोट काळं होतं आणि त्या काळ्यात हिरवट उजेडाची एक बारीक, वाकडी रेघ होती, रात्री विमानातून दिसणाऱ्या रस्त्यासारखी. आई म्हणाली, "किती छान दिसतंय." सल्लागार म्हणाला, "तडा आहे काकू. सील नाही, अख्खा गिअरबॉक्स जाणार." तरी आम्ही तिघं थोडा वेळ तसेच उभे होतो.

मग कंपनीचं सुरू झालं. कंपनीला तड्याचे फोटो हवे होते. फोटो पाठवले, तर तडा फोटोत नीट दिसत नव्हता. दिसेल असा काढला, तर गाडी नीट दिसत नव्हती. दोन्ही दिसतील असा काढला, तेव्हा कंपनीने विचारलं की फोटोत निळ्या दिव्याशेजारी ठेवणीतले कपडे घालून उभ्या असलेल्या बाई कोण आहेत. मंजुरी आली तेव्हा आम्हाला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. गिअरबॉक्स आला, खोकं उघडलं, आणि तो दुसऱ्याच जातीच्या गाडीचा निघाला, ज्यात माणूस स्वतः गिअर टाकतो. तो परत गेला. हे मी थोडक्यात सांगते आहे. प्रत्यक्षात यात इतके दिवस गेले की भूगोलाचं पुस्तक छापून आलं, आणि त्यात मी न पाहिलेल्या पानावर आणखी एक नदी चढावरून वाहत होती.

खेपा वाढल्या तरी आईची तक्रार नव्हती. किंबहुना काहीच कारण नसलं तरी ती म्हणायची, एकदा जाऊन विचारून येऊ या का? तिथे तिला खुर्ची मिळायची, आणि सल्लागार काम करता करता सरांची चौकशी करायचा. मी शेजारी बसून काचेकडे पाहत ऐकायची.

"तिकडची हवा मानवली का सरांना?"

"आता काही म्हणत नाहीत," आई सांगायची.

"पाय?"

"पायाचं दुखणं पार गेलं."

"फोन करतात ना तुम्हाला?"

"छे. फोनचा कंटाळा त्यांना पहिल्यापासून."

एकही वाक्य खोटं नव्हतं. मी मनातल्या मनात एकेक तपासून पाहायची आणि मला कुठेच खूण करता यायची नाही. एकदा त्याने विचारलं, दादांकडे त्यांचं मन रमलं का. आई विचार करत राहिली, मग म्हणाली, "इकडची आठवण येत असेल. पण दाखवायचे नाहीत ते." सल्लागार मान हलवत म्हणाला, सर तसेच आहेत. त्याच्या लग्नाला घरच्यांचा विरोध होता तेव्हा तो याच काचेशी बाबांजवळ बोलला होता आणि बाबांनी त्याला दोन तास समजावलं होतं. काय समजावलं ते त्याला आता आठवत नव्हतं, पण लग्न झालं होतं. बाबा घरी याबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते. मला वाटायचं की मी बाबांना ओळखत होते. इथे येऊन रोज नवा तुकडा मिळत होता, तोही वर्तमानकाळात.

त्या दिवसांत मला दुपारी डुलकी लागली की बाबा खरंच कुठल्या तरी दूरच्या शहरात चालताना दिसायचे, हात मागे बांधून, दुसऱ्यांच्या गाड्यांची मागची चाकं रेघेवर आहेत का बघत. मी हे आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, तिकडे थंडी आहे का?

मग मालकाच्या पडताळणीचा फोन आला. एवढा मोठा भाग बदलून देताना कंपनी म्हणे मालकाशी एकदा स्वतः बोलते. नोंदवलेला नंबर बाबांचा. बाबांचा फोन आई रोज चार्ज करत होती हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तो तिच्या पर्समध्ये वाजला. आम्ही पार्किंगमध्ये होतो आणि सेक्रेटरी आम्हाला डाग कशाने निघतो ते सांगत होते. आईने फोन उचलला. पलीकडच्या मुलीने गाडीचे मालक बोलत आहेत का असं विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि तो सेक्रेटरींच्या हातात दिला.

"भाऊजी, जरा बोला," ती म्हणाली.

मी सेक्रेटरींकडून नियम ऐकायची तयारी केली. त्यांनी घसा साफ केला. मग ते म्हणाले, "हो, बोलतोय."

आवाज त्यांचाच होता, पण सावकाश बोलण्याची आणि मध्येच थांबण्याची पद्धत बाबांची होती. इतकी वर्षं भांडल्यावर ती त्यांना माझ्यापेक्षा नीट पाठ झाली होती. मुलीने विचारलं गाडी कोण चालवतं; ते म्हणाले, आता मुलगी चालवते, सांभाळून चालवते. पुढचा प्रश्न गाडी कुठे उभी असते याचा होता.

"घरच्या पार्किंगलाच," सेक्रेटरी म्हणाले. "रेघेच्या आत असते. आमचे सेक्रेटरी मानत नाहीत. फार कटकट्या माणूस." ते थांबले. मग जरा हळू म्हणाले, "पण मनाने वाईट नाही."

बाबांनी ही सवलत कधी दिली असती असं मला वाटत नाही. सेक्रेटरींनाही वाटलं नसावं. त्यांनी फोन आईच्या हातात दिला आणि डागाचं बोलणं अर्धवट टाकून जिन्याने वर गेले. लिफ्ट खालीच उभी होती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. गंमत म्हणून हे ठीक होतं, पण आता बाबा फोनवर बोलायला लागले होते. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्यांनी मतदान केलं असतं. नवा, बरोबर जातीचा गिअरबॉक्स आला होता, तो बसवायला घेतला होता, आणि गाडी ताब्यात घेताना मालकाची सही लागणार होती. आता सांगायलाच हवं होतं. वॉरंटी गेली तर गेली.

पण काय सांगायचं? 'गेले' वापरून झालं होतं. 'निधन झालं' हे मी फक्त छापील वाचलं आहे, तोंडाने म्हणताना आपण वर्तमानपत्रातल्या चौकटीत उभे आहोत असं वाटतं. 'देवाघरी गेले' म्हणावं तर बाबांचा आणि देवाचा फारसं येणं-जाणं नसलेला संबंध. 'कालवश' म्हटलं असतं तर सल्लागाराने ते दादाच्या गावाचं नाव समजून संगणकात घातलं असतं. सबंध भाषेत मला एक साधा, सरळ, दुसरा अर्थ नसलेला शब्द सापडेना. शेवटी मनाचा हिय्या करून फोन लावला आणि शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. बाबा राहिले नाहीत."

मी डोळे मिटले.

"मला वाटलंच होतं," सल्लागार म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "सर काय तिकडे राहणारे आहेत? कधी परत आले?"

माझ्या उत्तरासाठी तो थांबला नाही. तो म्हणाला, उत्तम झालं ताई, गाडी उद्या तयार आहे, सरांनाच घेऊन या, सही पण होईल. आणि फोन ठेवला. मी आईला जाऊन सांगितलं की बाबा परत आले आहेत. तिने ओट्यावरचा हात थांबवला, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या महिन्यांनी ती मोठ्याने हसली. हसता हसता खाली बसली. मीही बसले. मग हसू ओसरलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर तशाच बसून राहिलो. उन्हाचा चौकोन फ्रिजवरून सरकत होता.

"उद्या मी सांगते," आई म्हणाली.

मी म्हटलं, तू कशाला, मी लिहून देते त्याला.

"नको. तू लिहिलंस तर त्याला परत काहीतरी भलतंच कळेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा काचेशी एक खुर्ची ठेवलेली होती. शेजारच्या टेबलावर स्वच्छ फडकं आणि फडक्यावर आमचा जुना गिअरबॉक्स, धुऊन पुसून, वरचं झाकण काढलेला. तड्याभोवती खडूने गोल काढला होता. खरं तर काढलेला भाग त्याच संध्याकाळी कंपनीला परत पाठवायचा असतो, पण सल्लागाराने तो कालपासून अडवून ठेवला होता. सरांना आतली चक्रं बघायची फार हौस, तो म्हणाला, एवढी उघडी संधी परत कधी यायची. बोलता बोलता त्याची नजर आमच्या मागे दाराकडे जात होती.

"सर बाहेरच थांबलेत का?"

"नाही रे," आई म्हणाली. "हे वारले."

हा शब्द मला सुचलाच नव्हता.

सल्लागार हसतच राहिला, म्हणजे हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि तो त्याच्या मागे कुठेतरी गेला. आई म्हणाली, दादाकडे नाही गेले ते, तू पहिल्यांदा विचारलंस त्याच्याही आधीच वारले होते, मी तुला खोटं सांगितलं नाही पण खरंही सांगितलं नाही. सवयीने की काय, त्याने एक कागद पुढे सरकवला आणि कुठे बघायचं ते न कळून कागदाकडेच बघत म्हणाला, "मग सही तुमचीच काकू. नवऱ्यामागे बायकोलाही मूळ मालकच धरतात. पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

माझ्या वाचनशक्तीवर एरवी मी दिवसभर विचार केला असता. पण तो त्या काचेजवळच्या खुर्चीत बसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. आमच्या घरात बाबांना जाऊन महिने लोटले होते. त्याच्यासाठी ते आत्ता, या क्षणी, सही करायच्या वेळेला गेले होते. कालपर्यंत त्यांचा पाय बरा होता, हवा मानवली होती. आमच्याकडे आलेली माणसं आईची समजूत घालायची. आता आईने खुर्चीशेजारी उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन उघडून त्याला दिली आणि त्याने दोन घोट घेईपर्यंत थांबली. काचेपलीकडे आमची गाडी हळूहळू खाली येत होती.

त्याने तोंड पुसलं. मग तेच विचारलं जे सगळे विचारतात.

"कसं झालं काकू?"

मी आईकडे पाहिलं. तिने एक खुर्ची ओढली आणि बसली.

"त्या दिवशी आम्हाला कुठे जायचं नव्हतं," ती म्हणाली. "गाडी बरेच दिवस उभी आहे, जरा सुरू करून बघतो म्हणाले. मी म्हटलं, मीही येते. गाडीत बसलो. ह्यांनी पट्टा लावला आणि म्हणाले, थांब जरा, एवढं चांगलं ऊन आलंय. तिथे सकाळी समोरच्या काचेतून ऊन येतं. मी आपली काहीबाही बोलत होते, हे हं हं करत होते. मग हं करायचे थांबले. मी बघितलं तर डोळे मिटलेले. रात्री झोप नसायची रे ह्यांना. म्हटलं, लागलीय तर लागू दे."

"मग?"

"मग काय, बसले शेजारी. बराच वेळ. बोलायची पण थांबले, जाग येईल म्हणून. ऊन इथपर्यंत आलं." तिने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "छान वाटत होतं."